पत्रिकेवरचं भेदरं

लग्नानंतर एकसष्ट पत्रिका उरल्या.
बाबा गवंडी. उरलेली अर्धी वीटही टाकत नाहीत.
वाटीत तीन दिवस गर आंबवला,
वर पांढरी साय धरल्यावर धुतला,
आणि बोटाच्या टोकानं एकेक बी
पत्रिकेवर वाळत घातली, छापील बाजूला, अक्षरांवर.
मागची बाजू गुळगुळीत, म्हणाले, बी धरत नाही.

असं भेदरं माझ्यासोबत
लाखांदूरहून घाटंजीकडे आलं,
साडीच्या घडीत, गणपतीच्या चित्राखाली
खरखरीत.

इथली माती काळी.
ओली असली की चप्पल ठेवून घेते,
वाळली की मनगट जाईल एवढी फाटते.
आमच्याकडची धानाची माती बोटांतून सांडायची.
पहिल्या वर्षी पत्रिका कात्रीनं कापून
तुकड्यांसकट सांदवाडीत पेरली.
सहाव्या दिवशी उगवली,
दहाव्या दिवशी सगळ्यांनी मान टाकली.
सासूबाई म्हणाल्या, "टमाटर त बाजारात ढिगानं भेटते,
त्यासाठी कायले मातीत हात काळे?"
त्यांचं टमाटर. माझं भेदरं.
बोराएवढं फळ, आणि त्यावरून
दोन दिवस चुलीपाशी अबोला.

दुसऱ्या वर्षी नाल्यातली रेती आणली,
शेळीच्या लेंड्या कुटल्या, मूठभर राख,
सगळं तेलाच्या फुटक्या पिंपात.
"आहेर आणू नये" वरच्या साऱ्या उगवल्या.
"शुभमुहूर्त" वरची एकच, तीही वेळ टळून.
"चि. अंबादास" वर चार;
त्यांना तो रोज मोजायचा
आणि नको तितकं पाणी घालायचा.
"मावशीच्या लग्नाला यायचं हं" वरचं रोप
शेजारच्या शेळीनं आमंत्रण समजून खाल्लं.

तुराट्यांना सुतळीनं बांधली बाकीची.
मार्गशीर्षात घोस लागले,
एका घोसात तांबडी, केशरी, हिरवी,
आणि एक फुटलेलं, ज्यावर मुंग्यांची पंगत.
पाटीभर घेऊन आठवडी बाजारात बसले.
"बोरं कशी दिली?" विचारत लोक पुढे गेले.
साल इतकी पातळ
की परत येईपर्यंत पाटीतून रस गळत होता.
मग तव्यावर भाजली, मिरची, लसूण,
वाटीच्या बुडानं चेचली.
सासूबाईंनी भाकरीचा तिसरा तुकडा मोडला
आणि म्हणाल्या, आंबट आहे.
दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे
तुराट्यांमध्ये त्यांचा पदर हलताना दिसला.
मी बादली जरा जोरात ठेवली.
पदर थांबला.
मी पुन्हा घरात गेले.

एक तुकडा मात्र पेरला नव्हता.
"चि. सौ. कां. हिरकन्या", त्यावर तीन बिया,
खाली बाबांचं नाव, लांजेवार.
डब्यात, बांगड्यांखाली, चार वर्षं.
फोनवर सहज सांगितलं तर बाबा चिडले.
"बी मातारी होते बाई. ठेवून का करशील?
नाव पेपरावर राहते, बी नाई राहत."

भाद्रपदात पेरला.
आठवडा गेला. दहा दिवस गेले.
पिंपावर कोंबडीनं येऊन पाहिलं, तिलाही काही नव्हतं.
अकराव्या दिवशी एक वाकडी दांडी,
दोन पानं अजून चिकटलेली,
आणि त्यांच्या माथ्यावर
ओल्या कागदाचा नखाएवढा कपटा.

अंबादास गुडघ्यावर बसला.
"हे तर तुझंच नाव. शेवटचं अक्षर."
चष्मा कपाळावर सारून त्यानं वाचलं:
"न्या."

कुंपणापलीकडे शेळीवाल्या येनूबाई
दोन वर्षं काही न मागता उभ्या राहायच्या.
मी घरात जाऊन विजेचं जुनं बिल आणलं,
मागच्या मोसमाच्या बिया त्यावर वाळलेल्या,
थकबाकीच्या आकड्यावर सर्वात जास्त.
कुंपणावरून हात लांब केला.
म्हटलं, शेळी बांधून ठेवा
आणि न्या.